व्यावसायिक रग्बी लीगमधील विवाद्य पंचनिर्णय

पंचाचा निर्णय अंतिम असतो, हे सूत्र जवळजवळ प्रत्येक संघटित खेळाच्या नियमावलीत कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते. परंतु अंतिम असणे आणि अचूक असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. इंग्लिश विधिशास्त्रज्ञ एच. एल. ए. हार्ट ह्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ ह्या ग्रंथात न्यायालयांच्या अधिकाराचे विवेचन करताना खेळातील गुणलेखकाचे उदाहरण घेतले, ते ह्याच कारणासाठी. गुणलेखकाने नोंदलेला गुण बदलता येत नाही. तथापि त्याने तो नियमानुसार नोंदला की नाही, हा प्रश्न तेवढ्याने निरर्थक ठरत नाही. तो निरर्थक ठरला तर मूळ खेळ उरत नाही. गुणलेखकाची मर्जी हाच एक निराळा खेळ सुरू होतो. व्यावसायिक रग्बी लीगच्या इतिहासात ह्या भेदाची पुष्कळ निदर्शने सापडतात.

पंचाला नीट दिसले नाही म्हणून वाद उद्भवला, असे सामान्यतः समजले जाते. आणि पंचाला अधिक दाखवावे, हा उपाय त्या समजातूनच निघतो. गेल्या तीन दशकांत ह्या खेळाने तो उपाय मोठ्या खर्चाने करून पाहिला आहे. असे असूनही वाद ओसरले नाहीत. ह्याचे कारण असे की ज्या निर्णयांवरून सर्वांत तीव्र वाद माजले त्यांतील कित्येक दृष्टीच्या दोषातून उद्भवलेलेच नव्हते. पंच पाहतो त्याप्रमाणेच तो मोजतो, घडले नाही त्याची कल्पना करतो आणि आपला निर्णय मैदानावरील सव्वीस खेळाडूंना कळवतो. ह्या कामांचे स्वरूप एक नाही आणि त्यांतील चुकांचेही नाही.

ह्या खेळाचा जन्मच पैशाच्या प्रश्नातून झाला. उत्तर इंग्लंडमधील खाणी व गिरण्या ह्यांत काम करणाऱ्या खेळाडूंची सामन्यापायी बुडणारी मजुरी भरून द्यावी की नाही, ह्यावरून रग्बी फुटबॉलमध्ये दोन तट पडले. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात जमलेल्या क्लबांनी ‘नॉर्दर्न युनियन’ ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. प्रेक्षकांच्या तिकिटावर जगणाऱ्या संस्थेला खेळ वेगवान राखणे भागच होते. १९०६ मध्ये संघातील खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आली, आणि पकडीत सापडलेल्या खेळाडूने उठून उभे राहावे व चेंडू पायाने मागे सारावा, ही पद्धत रूढ झाली. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवणे म्हणजे ‘ट्राय’. त्याला प्रथम तीन गुण होते, १९८३ पासून चार आहेत. ट्रायनंतर गोलखांबांमधून चेंडू मारला की आणखी दोन गुण मिळतात. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. हातून पुढे निसटला तरी तो दोषच ठरतो. इतकी माहिती पुढील विवेचनास पुरेशी आहे.

मोजणीचा प्रश्न सर्वांत साधा. एके काळी एखाद्या संघाने चेंडू कितीही पकडींपर्यंत आपल्याजवळ ठेवावा, त्यास मर्यादा नव्हती. त्यामुळे बलवान संघ प्रतिपक्षाला चेंडूचे दर्शनही होऊ देत नसत. हा कंटाळवाणेपणा घालवण्यासाठी १९६६ मध्ये इंग्लंडात व १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात चार पकडींची मर्यादा घालण्यात आली. पुढे १९७१-७२ मध्ये ती सहा करण्यात आली. ह्या सुधारणेने खेळ सुधारला ह्यात संशय नाही. पण तिने पंचाच्या माथी एक नवे काम मारले. चेंडूच्या मागे धावता धावता, तीस-चाळीस हालचालींवर लक्ष ठेवता ठेवता, त्याने मनात एक ते सहा अंक मोजत राहावयाचे.

१९७८ मध्ये सिडनीच्या स्पर्धेत मॅनली व पॅरामॅटा ह्यांच्यातील उपान्त्य फेरीचा सामना बरोबरीत सुटला व तो पुन्हा खेळवावा लागला. ह्या दुसऱ्या सामन्यात ग्रेग हार्टली हे पंच होते. मॅनलीचा एक ट्राय सातव्या पकडीच्या खेळात झाला. त्या काळी सहाव्या पकडीनंतर स्क्रम व्हावयाचा. तो झाला नाही. मॅनलीने सामना १७-११ असा जिंकला, आणि पुढे त्या वर्षीचे अजिंक्यपदही मिळवले. पॅरामॅटाच्या पाठीराख्यांत हा विषय अनेक वर्षे धुमसत राहिला. पस्तीस वर्षांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, नॅशनल रग्बी लीगच्या बाद फेरीत क्रोनल्ला शार्क्स व नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइज ह्यांच्या सामन्यात नेमकी तीच चूक झाली. शार्क्सच्या बो रायन ह्यांनी केलेला ट्राय सातव्या पकडीवरचा होता. सामन्याचा निकाल २०-१८ असा लागला; म्हणजे एका ट्रायचे चार गुण वजा केले तर विजेता बदलतो. (अर्थात हे गणित फसवे आहे. तो ट्राय पहिल्या अर्धातला होता, व तो नसता तर उरलेला सामना तसाच खेळला गेला असता, असे कोणालाही म्हणता येणार नाही.) मैदानावर त्या वेळी दोन पंच व दोन रेषापंच होते. चार प्रशिक्षित माणसे सहापर्यंत मोजताना चुकली. पंच मॅट सेचिन व हेन्री पेरेनारा ह्यांना त्यानंतर बाजूला ठेवण्यात आले. निकाल मात्र कायम राहिला.

अशा चुकीविषयी मतभेद संभवत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. सहा की सात, ह्याचे उत्तर एकच असते. म्हणूनच ती चूक प्रेक्षकाला अक्षम्य वाटते. परंतु विचार करता तिच्यात पक्षपाताचा अंश शोधणे सर्वांत कठीण आहे. पक्षपात करावयाचा असेल तर त्यासाठी खेळात कितीतरी सोयीच्या जागा आहेत. सर्वांना मोजता येणारी गोष्ट त्यासाठी कोणी निवडणार नाही.

पाहण्याचा प्रश्न ह्याहून गुंतागुंतीचा आहे, आणि पुढे गेलेल्या फेकीचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. फेकीची दिशा ती फेकणाऱ्या खेळाडूच्या संदर्भात ठरवावयाची, जमिनीवरील चेंडूच्या मार्गावरून नव्हे, असा नियमाचा खुलासा आहे. एखादा खेळाडू सेकंदाला ८ मीटर ह्या वेगाने धावत आहे व त्याने स्वतःच्या मानाने सेकंदाला २ मीटर वेगाने चेंडू मागे फेकला, असे धरू. जमिनीच्या मानाने तो चेंडू सेकंदाला ६ मीटर वेगाने पुढेच जात असतो. अर्ध्या सेकंदाने तो सहकाऱ्याच्या हाती पडेल तेव्हा फेकल्या जागेपासून ३ मीटर पुढे असेल. फेकणारा तोवर ४ मीटर धावला असेल, म्हणून त्याला तो चेंडू मागे गेलेला दिसेल. परंतु फेकता क्षणीच त्याला कोणी पकडून जागीच पाडले, तर तीच फेक, तोच वेग, तीच दिशा असूनही चेंडू त्याच्या पुढे गेलेला दिसेल. मैदानावर आखलेल्या रेषा हा भ्रम अधिकच पक्का करतात: चेंडू एका रेषेच्या अलीकडून सुटला आणि पलीकडे झेलला गेला, हे घरी बसलेल्या प्रेक्षकाला स्पष्ट दिसते, आणि त्यावरून तो जो निष्कर्ष काढतो तो नियमाला धरून नसतो. त्यात कॅमेरा तिरका असला तर दिशेचा अंदाज आणखी बिघडतो. नॅशनल रग्बी लीगने पुढे गेलेल्या फेकीचा निर्णय प्रदीर्घ काळ पडद्यासमोरील पंचाच्या कक्षेबाहेर ठेवला, ह्याचे कारण ह्यातच आहे.

पडद्यावर पाहून निर्णय देणारा व्हिडिओ-पंच इंग्लंडमध्ये १९९६ च्या ‘सुपर लीग’ पासून आला, व ऑस्ट्रेलियातही लवकरच रुजला. प्रारंभी इंग्लंडात तो दूरचित्रवाणीवर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांपुरताच असे. त्यामुळे एकाच स्पर्धेत एका सामन्यातील ट्राय संथ गतीने चार वेळा तपासला जाई व दुसऱ्या सामन्यातील तसाच ट्राय पंचाच्या एका दृष्टिक्षेपावर ठरे. २०१६ मध्ये नॅशनल रग्बी लीगने सिडनीतील एव्हली येथे सर्व सामन्यांसाठी एकच मध्यवर्ती कक्ष उभारला. ‘बंकर’ हे त्याचे प्रचलित नाव.

यंत्राने पुरावा वाढला, पण पुराव्याचा भार कोणावर, हा जुना न्यायशास्त्रीय प्रश्न त्याबरोबर मैदानात शिरला. चित्रफितीत चेंडू जमिनीला टेकला की नाही हे दिसलेच नाही तर काय करावयाचे? ऑस्ट्रेलियात २०१२ पर्यंत अशा प्रसंगी संशयाचा फायदा आक्रमक संघाला दिला जात असे. २०१३ च्या हंगामापासून ही तरतूद काढून टाकण्यात आली. मैदानावरील पंचाने प्रथम ट्राय आहे की नाही ते सांगावयाचे, आणि तो निर्णय फिरवण्याइतका पुरावा असेल तरच व्हिडिओ-पंचाने तो फिरवावयाचा, अशी नवी रीत आली. दोन्ही पद्धतींत पडद्यावरचे चित्र तेच. उत्तर मात्र निराळे येऊ शकते. ज्या क्षणी पंचाला खरोखर काहीच दिसलेले नसते त्या क्षणीही त्याला काहीतरी सांगावेच लागते, आणि त्या अंदाजाला पुढे गृहीतकाचे वजन प्राप्त होते, ही ह्या नव्या रीतीची दुर्बल बाजू आहे. प्रेक्षकांचा रोष बहुधा चित्रावर व्यक्त होतो; खरे तर तो ह्या गृहीतकावर असतो.

ह्यापुढचा प्रकार कल्पनेचा. संरक्षक संघाच्या गैरवर्तनामुळे ट्राय हुकला, एरवी तो झालाच असता, असे पंचाचे मत झाल्यास त्याला दंडात्मक ट्राय देता येतो. गुन्हा कोठेही घडलेला असो, हा ट्राय गोलखांबांच्या मध्यभागी दिल्याचे मानले जाते. म्हणजे पुढील दोन गुणांची किक अगदी सोपी होते. येथे पंच घडलेली घटना ओळखत नाही, न घडलेल्या घटनेविषयी निवाडा देतो. क्रिकेटमधील पायचीतचा निर्णय ह्याच जातीचा आहे. पण तेथे चेंडूचा मार्ग तरी बऱ्याच अंशी ठरलेला असतो. येथे माणसे धावत असतात.

११ मे १९६८ रोजी वेम्बली येथे लीड्स व वेकफील्ड ट्रिनिटी ह्यांच्यात झालेला चॅलेंज कपचा अंतिम सामना ह्याचे ठळक उदाहरण होय. मुसळधार पावसाने मैदानाचे तळे झाले होते. पिछाडीवर असलेल्या लीड्सचे जॉन ॲटकिन्सन चेंडूमागे धावत असता त्यांना अडथळा झाला, असे ठरवून पंच हेबल्थवेट ह्यांनी दंडात्मक ट्राय दिला. धड उभे राहणेही जेथे कठीण होते तेथे अडथळा कोणता व घसरणे कोणते, आणि अडथळा नसता तर ट्राय खात्रीने झाला असता काय, हे प्रश्न उपस्थित होणे साहजिक होते. परंतु त्या सामन्याचे नाव काढताच आज आठवतो तो दुसराच प्रसंग. अखेरच्या क्षणी वेकफील्डने ट्राय करून गुणसंख्या ११-१० वर आणली. डॉन फॉक्स ह्यांना खांबांसमोरून सोपी किक मारावयाची होती, आणि ती हुकली. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा लान्स टॉड चषक त्यांनाच मिळाला. फॉक्स ह्यांच्याविषयी लोकांना अपार सहानुभूती वाटली व पंचाचा निर्णय त्या हळहळीत बुडून गेला. खेळाडूची चूक खेळाचा भाग मानली जाते, आणि पंचाची चूक खेळावर बाहेरून आलेले संकट मानले जाते. फॉक्स ह्यांची किक बसली असती तर हेबल्थवेट ह्यांचा निर्णय कोणालाच आठवला नसता. दुसऱ्या कोणत्याही कारणाने लीड्स एका गुणाने जिंकले असते तर तोच आठवत राहिला असता.

२६ सप्टेंबर १९९९ रोजी सिडनीच्या स्टेडियम ऑस्ट्रेलियावर १,०७,९९९ प्रेक्षकांसमोर मेलबर्न स्टॉर्म व सेंट जॉर्ज इलावारा ह्यांचा अंतिम सामना झाला. शेवटची काही मिनिटे उरली असता सेंट जॉर्ज १८-१४ असे पुढे होते. मेलबर्नचे क्रेग स्मिथ ह्यांनी गोलरेषेपलीकडे उंचावरून आलेला चेंडू झेलला, इतक्यात जेमी एन्स्को ह्यांचा हात त्यांच्या डोक्यावर आदळला. स्मिथ बेशुद्ध पडले व चेंडू सुटला. पंच बिल हॅरिगन ह्यांनी प्रकरण व्हिडिओ-पंचाकडे सोपवले व दंडात्मक ट्राय मिळाला. मॅट गायर ह्यांनी समोरून किक मारून २०-१८ असा विजय साधला. हा निर्णय कल्पनेच्या प्रांतातील असूनही बळकट पायावर उभा होता: चेंडू हाती आलेला होता, रेषा ओलांडलेली होती, उरले होते ते केवळ जमिनीवर टेकणे. १९६८ व १९९९ ह्यांत नियम एकच लागू झाला, पण कल्पनेला तोडावे लागलेले अंतर अगदी भिन्न होते. दंडात्मक ट्रायच्या न्याय्यतेचा विचार ह्या अंतरावरूनच करणे उचित ठरेल.

वरील सर्व प्रकारांत निर्णय बरोबर की चूक, हा प्रश्न केंद्रस्थानी होता. ६ ऑक्टोबर २०१९ च्या अंतिम सामन्याने तो प्रश्नच अपुरा ठरवला. सिडनी रूस्टर्स व कॅनबेरा रेडर्स हे संघ सुमारे दहा मिनिटे उरली असता ८-८ असे बरोबरीत होते. कॅनबेराने उंच मारलेल्या चेंडूसाठी दोन्ही संघांचे खेळाडू झेपावले व चेंडू कॅनबेराकडे आला. तो जर रूस्टर्सच्या खेळाडूला लागला असेल तर पकडींची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावयाची. पंच बेन कमिन्स ह्यांनी हात वर फिरवून ‘पुन्हा सहा’ अशी खूण केली. लगेच सहकाऱ्यांनी ध्वनियंत्रावरून खरी स्थिती सांगितली आणि त्यांनी आपला निर्णय बदलला: मोजणी पूर्वीचीच, ही शेवटची पकड. पण जॅक वायटन ह्यांनी पहिलीच खूण खरी मानली होती. शेवटची पकड आहे असे ठाऊक असते तर त्यांनी चेंडू पायाने मारला असता. ते निश्चिंतपणे पकडीत गेले आणि चेंडू प्रतिपक्षाकडे गेला. त्यानंतर थोड्याच वेळात रूस्टर्सने मैदानाची लांबी पार केली, जेम्स टेडेस्को ह्यांनी ट्राय केला, व सामना १४-८ असा संपला. सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पदक पराभूत संघाच्या वायटन ह्यांना मिळाले.

लीगचे अधिकारी ग्रॅहम ॲन्सली ह्यांनी नंतर मान्य केले की अंतिम निर्णय योग्य होता, परंतु तो ज्या रीतीने दिला गेला ती रीत सदोष होती. हे उत्तर खरे आहे, आणि म्हणूनच कॅनबेराच्या पाठीराख्यांचे त्याने समाधान झाले नाही. पंचाची खूण ही नुसती नोंद नसते. खेळाडूने तीवर विसंबून पुढची कृती करावयाची असते. किंबहुना तो विसंबावा म्हणूनच ती केली जाते. न्यायालयाने एक आदेश सुनावला, पक्षकाराने तो पाळला, आणि पाळण्याच्या क्षणी आदेश फिरवून त्या पाळण्याचाच दंड केला, असे घडले तर कायद्यात त्याला दाद आहे. ह्या खेळात नव्हती. त्याच सामन्याच्या आरंभी दुसरी एक घटना घडली होती. रूस्टर्सच्या खेळाडूने मारलेली किक कॅनबेराच्या खेळाडूने अडवली आणि उडालेला चेंडू मैदानात असलेल्या रूस्टर्सच्याच प्रशिक्षक-सहायकाला लागला. नियमाप्रमाणे स्क्रम झाला व चेंडू रूस्टर्सलाच मिळाला. काही मिनिटांत त्यांनी पहिला ट्राय केला. येथे पंचाने चूक केलेली नव्हती, निर्णय नियमाच्या अक्षराला धरून होता. दोष होता तो नियमात, पण शिव्याशाप पंचालाच मिळाले.

अशा रोषाची किंमत काय असते, ह्याचाही उल्लेख अवश्य आहे. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी ऑकलंड येथे विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध टोंगाने ०-२० वरून १८-२० अशी झेप घेतली. शेवटच्या क्षणी टोंगाचे अँड्र्यू फिफिता गोलरेषेकडे झेपावत असता मागून एलियट व्हाइटहेड ह्यांची पकड बसली व चेंडू सुटला. तो पुढे निसटला असा निर्णय पंचाने दिला आणि पडद्याची मदत घेतली नाही. टोंगाच्या समर्थकांनी मोठ्या संख्येने निषेध नोंदवला. पंच होते मॅट सेचिन, २०१३ च्या सातव्या पकडीतले. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील स्पर्धेतून निवृत्त होण्याचा मनोदय जाहीर करताना त्यांनी त्या धमक्यांचे कारण उघडपणे सांगितले. ज्या निर्णयावर शांत चित्ताने पाहणाऱ्यांचेही एकमत होत नाही त्यापायी एका कुटुंबाला भीतीखाली राहावे लागावे, ही ह्या व्यवसायाची लाजिरवाणी बाजू होय.

२०२० मध्ये नॅशनल रग्बी लीगने कर्णधाराला पंचाच्या निर्णयास आव्हान देण्याचा अधिकार दिला. ज्या निर्णयाने खेळ थांबला आहे त्यालाच आव्हान देता येते, आणि ते फसले तर अधिकार संपतो. पाहण्यातील चुकांसाठी ही सोय उपयुक्त ठरली आहे. २०१९ च्या अंतिम सामन्यात ती असती तरी कॅनबेराला तिचा लाभ झाला नसता. चित्रफीत पुन्हा पाहिली असती, चेंडू रूस्टर्सच्या कोणाला लागलेला नाही हे दिसले असते, आणि शेवटच्या पकडीचा निर्णय योग्य म्हणून कायम झाला असता. वायटन ह्यांनी पाहिलेली खूण तपासण्याची तरतूद त्यात कोठेच नाही.